पंप कारखान्याची बैठक, कान्हेरीच्या लेण्यात

रविवारी सकाळी मुलुंड स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी गणपत उभा होता. बरोबर त्याची म्हातारी आई होती. मला पाहून त्याने घड्याळात बघितलं, "वेळेवर आलात," एवढंच म्हणाला आणि जिना चढू लागला. चार महिन्यांपूर्वी हाच माणूस मला मध्या म्हणून हाक मारायचा आणि माझ्या डब्यातली भाजी न विचारता खायचा.

ही गोष्ट सत्तरच्या आसपासची. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमचा पाण्याचे पंप बनवण्याचा कारखाना होता. गणपत तिथे टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा, आणि मी टाइमकीपर. फाटकावरच्या खोलीत बसून कोण किती वाजता आला ते लिहायचं, हे माझं काम. त्या वर्षी कामगार आणि कचेरी यांच्यात फार वाईट चाललं होतं. संप मिटला, यंत्रं सुरू झाली, पण माणसं एकमेकांशी बोलेनात. तेव्हा आमचे मालक, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, त्यांनी ठरवलं की या वर्षी कंपनीची बैठक कारखान्यात घ्यायची नाही. कुठेतरी सहलीच्या ठिकाणी घ्यायची आणि सगळ्यांनी बायकापोरांसकट यायचं.

"पोरं बरोबर असली की माणसं आवाज चढवत नाहीत," ते मला म्हणाले. "जागा बघून या. कचेरीतर्फे तुम्ही जा, कामगारांतर्फे गणपत जाईल."

आरे कॉलनीचं तळं आम्ही दोघांनीही आधी पाहिलेलं होतं. पोरांना ते झकास, पण शंभरसव्वाशे माणसांना ऊन लागू न देता बसवायचं कुठे? मार्व्याच्या किनाऱ्यावर वाऱ्यात कोणाचं बोलणं कोणाला ऐकू आलं नसतं. राहिली बोरिवलीची कान्हेरी. ती आमच्यापैकी कोणीच पाहिली नव्हती. आईला का आणलं, हे गणपतने गाडीत सांगितलं. सांगितलं मला, पण खिडकीकडे बघून.

"सगळ्यांच्या घरात म्हातारी माणसं आहेत. ही चढली तर कोणीही चढेल."

"माका काय जाल्ला चडाक?" म्हातारी म्हणाली. (मला चढायला काय झालंय?) ती मालवणकडची. गणपतचे वडील गिरणीत होते, ते वारल्यावर ती मुलाकडे मुलुंडला आली होती.

कारखान्याच्या मागच्या दारातून जो डोंगर रोज दिसतो, तो ओलांडला की पलीकडे कान्हेरी. पण मधे जंगल आणि तलाव. म्हणून आम्ही उलटे दादरला गेलो, गाडी बदलली आणि सबंध मुंबईला वळसा घालून त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला बोरिवलीला उतरलो. दोन तास आम्ही तिघं एका बाकावर बसलो होतो. मधे म्हातारी.

बोरिवलीला मिंगेल बस घेऊन आला होता. बैठकीच्या दिवशी हीच बस ठरवायची होती, तेव्हा ती चढाव चढते का तेही बघून घ्यायचं होतं. मिंगेल तिथल्याच जुन्या गावठाणातला, ख्रिस्ती, साठीच्या घरातला. म्हातारीला हात धरून त्याने पुढच्या सीटवर बसवलं.

"माय, हितं बसा. हितून सगला दिसते." मग रस्त्याच्या कडेच्या नव्या चाळीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "ती बिल्डिंग हाय ना, तितं आमचा भात व्हायचा. बापाचं शेत. आता मी डायवर."

हे त्याने अगदी सहज सांगितलं. म्हातारी लगेच म्हणाली, "भात खंयचा? तांबडा काय धवा?" (कुठला भात? तांबडा की पांढरा?) तिथून दोघांचं भाताच्या जातींवर जे सुरू झालं ते जंगल लागेपर्यंत संपलं नाही.

जंगल लागलं आणि बसमधलं बोलणं आपोआप थांबलं. थंडीचे दिवस होते. सागाची पानं गळून रस्त्यावर पसरली होती आणि चाकांखाली त्यांचा पापड मोडल्यासारखा आवाज येत होता. वारली बायका डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन एका ओळीत उतरत होत्या. बसला वाट देताना त्यांची मान जरासुद्धा हलली नाही. अर्ध्या तासापूर्वी आम्ही भाजीबाजारातून आलो होतो, आणि आता झाडांच्या वर फक्त आभाळ आणि एक घिरट्या घालणारी घार.

मग एक वळण आलं आणि डोंगर समोर उभा राहिला.

मी लेणं म्हणजे एखादी गुहा असेल असं धरून चाललो होतो. समोर सबंध काळा डोंगर होता, आणि त्याच्या अंगभर दारं होती. खाली दारं, वर दारं, त्याच्याही वर, जिथे माणूस कसा पोचला असेल ते कळू नये अशा जागी दारं. प्रत्येक दाराला पायऱ्या, प्रत्येक ओट्याला कठडा. दगडात कोरलेलं गावच होतं ते. मिंगेलने इंजिन बंद केलं.

"ह्यां सगळां कोणी केल्यान?" म्हातारीने विचारलं.

उत्तर वरच्या पहारेकऱ्याने दिलं. खाकी सदऱ्यातला शांत माणूस होता. म्हणाला, बुद्धाचे भिक्षू इथे राहायचे, पावसाळ्यात तर शेकड्यांनी. दोन हजार वर्षं होत आली असतील. त्याने आम्हाला आधी मोठ्या चैत्यगृहात नेलं. ओसरीच्या दोन टोकांना दोन बुद्ध उभे आहेत, दोन मजली घराएवढे उंच. म्हातारी त्यांच्या पावलांशी उभी राहिली तर तिचं डोकं त्यांच्या गुडघ्यापर्यंतही पोचेना. तिने हात जोडले, मग मान मागे टाकून वर बघत राहिली. पदर खांद्यावरून घसरला तरी तिला कळलं नाही.

आत खांबांच्या दोन रांगा, शेवटी दगडी स्तूप, वर घुमटासारखं छत. मी हळूच "वा" म्हणालो आणि तो शब्द आत फिरून, मोठा होऊन माझ्याकडे परत आला. मला एकदम चप्पल काढावीशी वाटली. बघतो तर गणपतने आधीच काढली होती.

पण गणपतला जे खरं भिडलं ते वेगळंच होतं. वर चढताना जागोजाग खडकात कोरलेल्या पोढ्या (पाण्याची टाकी) होत्या. प्रत्येक लेण्याच्या दाराशी एक. हिवाळ्यातही तुडुंब. पहारेकऱ्याने लोटी बुडवून दिली.

"गोड आसा पाणी," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा लोटी पुढे केली.

गणपत पाणी प्यायलाच नाही. तो खडकावरची एक बोटभर रुंद चर बघत उकिडवा बसला होता. वरून येणारं पावसाचं पाणी त्या चरीतून एका टाक्यात, ते भरलं की दुसऱ्या चरीतून खालच्या टाक्यात, तिथून आणखी खाली. चरीच्या मागोमाग तो डोंगरावर चढत गेला, दिसेनासा झाला, आणि बऱ्याच वेळाने धापा टाकत परतला.

"आपण पंप बनवतो," तो म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदा त्याने माझ्याकडे सरळ बघितलं होतं. "ह्यांनी सगळ्या डोंगराला पाणी पाजलं. एक पंप नाही. नुसता उतार. एवढा अंदाज कसा आला असेल हो? खडक एकदा जास्त तासला तर परत लावता येत नाही."

मग आम्हाला हवी होती ती जागा सापडली. पहारेकरी तिला दरबार म्हणाला. लांबरुंद दालन, बाजूंना भिक्षूंच्या खोल्या, आणि जमिनीत मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, खडकातूनच कोरून काढलेले दोन लांब बुटके बाक.

"हे कशाला?" मी विचारलं.

"कोणी म्हणतात जेवायला, कोणी म्हणतात वाचायला. एकत्र बसायची जागा होती, एवढं नक्की."

बैठकीसाठी जागा शोधत निघालेली आम्ही माणसं, आणि दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी ती कोरून ठेवली होती! गणपतने खाली वाकून बाकाच्या कडेला गाल लावला आणि एक डोळा मिटून लांबवर बघितलं, लेथवरचा दांडा बघतो तसं.

"सुताचासुद्धा फरक नाही," तो म्हणाला.

मी पावलं मोजली. दाटीवाटीने शंभर माणसं बसली असती, पोरांना ओसरी होती. आत बसायला हरकत आहे का, मी विचारलं. "बसा की," पहारेकरी म्हणाला, "फक्त खाणंपिणं खाली, आणि आग अजिबात नाही." आग का नाही, ते आम्ही विचारलं नाही. ते आम्हाला अर्ध्या तासात कळायचं होतं.

जेवायची जागा बघायला आम्ही खाली उतरलो. मोठ्या लेण्याच्या बाजूला सहलीला आलेल्या काही तरुणांनी तीन दगड मांडून चूल पेटवली होती. ओली लाकडं, त्यामुळे धूरच धूर. तो कड्याला लागून सरळ वर चढत होता, आणि वर कड्याच्या पोटाला मधमाश्यांची सुपाएवढी काळी पोळी लोंबत होती. मी त्यांना खडकावरचे डाग समजलो होतो.

पहारेकरी ओरडला. त्याच क्षणी एका पोळ्याचा रंग बदलला. काळं होतं ते एकदम तांबूस दिसलं आणि सुटून हवेत पसरलं. पाठोपाठ आवाज आला. कारखान्यातली सगळी यंत्रं एकदम सुरू झाल्यासारखा घुमणारा आवाज.

"मध्या, पळ! आयेक धर!"

गणपत ओरडला आणि म्हातारीचा एक हात त्याने, एक मी धरून आम्ही तिला जवळजवळ उचलूनच शेजारच्या लहान लेण्यात शिरलो. आत भिक्षूची एक खोली होती, बुटक्या दाराची. तिच्यात घुसलो. म्हातारीची शाल ओढून गणपतने दारात धरली. एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. खालची कड पायांनी दाबली. माझ्या मानेवर तीन आणि त्याच्या कानावर दोन डंख बसले होते. बाहेर तो आवाज शालीला थडकत होता, पाऊस पत्र्यावर पडावा तसा.

असे आम्ही किती वेळ उभे होतो कोण जाणे. हात भरून आले तरी शाल सोडता येत नव्हती. अंधारात गणपतचा श्वास माझ्या कानाशी लागत होता.

"गणपत," मी म्हणालो.

"बोलू नका. शाल धरा."

"त्या दिवशीचं सांगायचंय."

"मला माहीत आहे त्या दिवशीचं."

"नाही. पूर्ण नाही." आणि मग मी बोललो. संपाच्या आधी, आठ मिनिटं उशीर झाला म्हणून गणपतला ठपक्याचं पत्र मिळालं, चौकशी झाली आणि अकरा दिवस कामावरून बसवलं गेलं. एरवी पाचदहा मिनिटांकडे मी काणाडोळा करायचो. त्या दिवशी माझ्या मागे मॅनेजर उभा होता. गणपत कामगारांच्या सभेत बोलायचा, म्हणून मॅनेजरला त्याला कशात तरी अडकवायचंच होतं. मी उशीर लिहिला. पण तेवढं नाही. चौकशीत मला विचारलं, "याने उशिराचं कारण सांगितलं होतं का?" गणपतने फाटकावरच मला सांगितलं होतं, आईला रात्रभर ताप होता, तिला इस्पितळात नेऊन सोडून आलोय. आणि मी चौकशीत म्हणालो, "आठवत नाही."

"आठवत होतं?" गणपतने विचारलं.

"शब्दन् शब्द."

त्याच्या बाजूची शाल थोडी खाली आली. मग त्याने ती परत वर घेतली.

तेवढ्यात आमच्या पाठीमागून अंधारातून आवाज आला. "म्हणजे माझ्यापायी ह्येका घराक बसवल्यानी?"

आम्ही दोघेही विसरलो होतो की ती तिथे आहे. गणपतने तिला काहीच सांगितलं नव्हतं. कारखाना बंद आहे, एवढं सांगून तो अकरा दिवस घरी बसला होता.

"आये, तसा नाय..."

"गप बस. तू माका फसवलंस. आणि ह्यो खोटा बोललो." मग म्हणाली, "भायर माशयो आसत, भितर तुमी दोघां. माका भायरच्यो बऱ्यो."

(बाहेर माश्या आहेत, आत तुम्ही दोघं. मला बाहेरच्याच बऱ्या.)

गणपत हसला. हसू आवरायचा त्याने प्रयत्न केला, पण शाल हलायला लागली. मला मात्र हसू आलं नाही. मला रडू येत होतं आणि दोन्ही हात अडकलेले होते.

बाहेर शांत झालं तेव्हा पहारेकऱ्याने हाका मारून आम्हाला बाहेर काढलं. चूल पेटवणाऱ्यांपैकी एका मुलाला माश्या फार वाईट चावल्या होत्या. डोळे बंद झाले होते, श्वास घरघरत होता. गणपतने त्याला पाठीवर घेतलं, मी पाय सांभाळले, आणि आम्ही त्याला खाली बसपर्यंत आणलं. मिंगेल बघताच काय ते समजला.

"तुमी थांबा हितंच. मी ह्याला पोचवून येतो." त्याच्या मित्रांना आत घेऊन त्याने बस अशी काढली की वळणावर धुळीखेरीज काही दिसलं नाही.

मिंगेल यायला दोन तास तरी लागणार होते. म्हातारी पहारेकऱ्याजवळ बसली. त्याने आमच्या डंखांना लावायला चुना दिला. मी आणि गणपत डोंगराच्या माथ्यावर गेलो. कोणी कोणाला चल म्हटलं नाही. माथ्यावर पोचलो आणि दोघांचेही पाय थांबले. पश्चिमेला बोरिवलीची कौलं, त्यापलीकडे खाडी, आणि खाडीपलीकडे समुद्राची पांढरी रेघ. पूर्वेला जंगल, जंगलात निळे तलाव, आणि शेवटच्या टेकडीमागे धुराच्या बारीक दोऱ्या.

"मुलुंड," गणपत म्हणाला.

सगळं एवढं जवळ होतं. सगळं एवढं लहान होतं. ज्या फाटकापाशी उभं राहून मी भ्यालो होतो, ते त्या धुराच्या खाली कुठेतरी होतं, इथून नखाएवढंही दिसत नव्हतं.

"मी भाऊसाहेबांना सांगणार आहे," मी म्हणालो.

"नोकरी जाईल तुझी."

"जाईल कदाचित."

तो खडकावर बसला आणि बाजूची जागा हाताने झटकली. मी बसलो. मिंगेलच्या बसचा भोंगा ऐकू येईपर्यंत आम्ही तिथेच होतो. तो मुलगा वाचला, डॉक्टरांनी सांगितलं, हे मिंगेलने आम्ही खाली पोचताच खिडकीतून ओरडून सांगितलं.

सोमवारी आम्ही दोघं भाऊसाहेबांपुढे उभे राहिलो. जागेची माहिती दिली: म्हातारी माणसं चढू शकतात, पाणी आहे, सावली आहे, चूल पेटवायची नाही, जेवण बोरिवलीहून बनवून न्यायचं. मग मी माझं सांगितलं. भाऊसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे मला एकट्याला सांगून काय उपयोग?" ते म्हणाले. "ज्यांना कळायला हवं, त्यांना सांगाल का?"

तीन आठवड्यांनी आम्ही सगळे कान्हेरीला गेलो. चार बसगाड्या भरून. पोरांनी आधी तासभर डोंगर डोक्यावर घेतला. बायकांनी दोन्ही बुद्धांपुढे फुलं ठेवली. पण दरबारात शिरताना प्रत्येक जण, अगदी आमच्या फाउंड्रीतले आडदांड गडीसुद्धा, आवाज खाली आणत होते. कोणी सांगितलं नव्हतं. भाऊसाहेबांसाठी कोणीतरी खुर्ची आणली होती, ती त्यांनी बाहेर ठेवायला लावली आणि बाकाच्या टोकाला ते मांडी घालून बसले. समोरच्या बाकावर मॅनेजर, त्याच्या एका बाजूला पॅकिंगवाली बाई, दुसऱ्या बाजूला कोणाचा तरी सासरा. कोण कुठल्या बाजूचा, ते सांगता आलं नसतं.

मी उभा राहिलो. माझा आवाज लहान आहे. फाटकावर मला सारखं दोनदा सांगावं लागायचं. तिथे मी जे बोललो ते एकदाच बोललो, आणि दगडाने ते शेवटच्या माणसापर्यंत नेलं. मी काय लिहिलं, काय आठवत असून नाही म्हणालो, आणि का. बायको आणि मुलगा ओसरीच्या दाराशी बसले होते. तिलाही मी हे सांगितलेलं नव्हतं. सांगून झाल्यावर कसं बसायचं असतं तेच मला कळेना. कोणी ओरडलं नाही, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुठेतरी एक तान्हं मूल कुरकुरलं, तेवढंच.

मग म्हातारीचा आवाज आला. "बस रे झिला. पाय दुखतले." (बस रे पोरा. पाय दुखतील.)

गणपत सरकला. मी त्याच्या शेजारी बाकावर बसलो. दगड गार होता. भाऊसाहेबांनी तिथल्या तिथे सांगितलं, की गणपतवरचा ठपका काढून टाकला जाईल. मॅनेजर खाली बघत होता. मग एक एक जण बोलायला लागला. कोणी रागाने, कोणी रडत. दुपार झाली तरी कोणाला जेवणाची आठवण झाली नाही.

पुढे टाइमकीपरची जागा माझ्याकडून काढून घेतली. मला भांडारात घातलं. मी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

त्या संध्याकाळी बस जंगलातून उतरत होती. पोरं दमून जिथे जागा मिळेल तिथे झोपली होती. बायको माझ्या शेजारी होती, बराच वेळ खिडकीबाहेर बघत. शेवटी म्हणाली, "चार महिने एकट्याने कसं धरून ठेवलंत?"

आपण मुंबईत राहतो आणि मुंबई आपल्याला ठाऊक आहे, असं मी समजत होतो. तिच्याच एका डोंगरात एवढं काही कोरलेलं असेल, याची मला कल्पना नव्हती. माझ्यात काय आहे, याचीही नव्हती. बायकोने झोपलेला मुलगा उचलून माझ्या मांडीवर दिला, आणि तो जड, ऊबदार झोपेत माझ्या सदऱ्याला धरून राहिला, मुलुंड येईपर्यंत.